जुन्या सिनेमाची कुठली कॉपी खरी चांगली? घरी बसून तपासायची पद्धत, सविस्तर

‘रिस्टोअर्ड’ हा शब्द कव्हरवर छापायला कुणाची परवानगी लागत नाही, ‘डिजिटली रिमास्टर्ड’ला पण नाही आणि ‘४के’ला, म्हणजे सुमारे चार हजार ठिपके रुंद चित्राला, तर आता अजिबातच नाही, यूट्यूबवर कुणीही जुनी व्हीसीडी ओढून मोठी करतंय आणि वर ४के लिहून टाकतंय. त्यात आपल्याकडं सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, म्हणजे मूकपट, प्रभातचे सगळे सिनेमे, पन्नाशीच्या दशकातले सगळे आता कुणालाही काढता येतात, त्यामुळं एकाच सिनेमाच्या पाच-सहा कॉपी फिरत असतात आणि त्यात चांगली एखादीच असते. आमच्या सोलापुरात जुन्या सिनेमाचे वेडे बरेच आहेत, मराठीवाले आहेत, पूर्व भागात तेलुगूवाले आहेत, हिंदी-उर्दूवाले आहेत, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो की बाबा यातली कुठली घेऊ. म्हणून मी जी पद्धत वापरतो ती नीट लिहून काढतोय. लांब आहे, पण एकदा हात बसला की एका सिनेमाला दोन-तीन तासात निकाल लागतो.

सगळ्यात आधी: ही कॉपी कशावरनं काढली?

लोक थेट चित्र किती क्लिअर आहे ते बघतात. मी ते सगळ्यात शेवटी बघतो. पहिला प्रश्न हा की ही कॉपी कुठल्या रिळावरनं आली, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर ठरतंय.

सिनेमा शूट होतो तेव्हा कॅमेऱ्यातनं निघते ती ओरिजिनल निगेटिव्ह. तिच्यावरनं मास्टर पॉझिटिव्ह काढतात, त्याच्यावरनं ड्यूप निगेटिव्ह, आणि तिच्यावरनं थिएटरला जाणारी प्रिंट. शाळेत, फिल्म सोसायटीत दाखवायला त्याच्याहून लहान १६ एमएमची प्रिंट. प्रत्येक पायरीला काहीतरी जातंच. काळ्यातले बारकावे जातात, पांढऱ्या धोतराच्या चुण्या जातात आणि कॉन्ट्रास्ट वाढत जातो. थिएटरच्या प्रिंटवर तर दुरुस्त्या, जोड, रेघा आणि गावोगावच्या ऑपरेटरनी कापलेलं सगळं असतं. त्यामुळं १६ एमएम प्रिंटवरनं केलेलं ४के स्कॅन आणि निगेटिव्हवरनं केलेलं साधं २के स्कॅन समोरासमोर ठेवलं तर मी डोळे झाकून दुसरं घेणार.

आपल्या जुन्या सिनेमांची यातच गोची आहे. १९५० च्या आसपासपर्यंत रिळं नायट्रेटची असायची, ती पेट घेतात, आणि पेटली नाहीत तरी सडून पावडर होतात. २००३ च्या जानेवारीत पुण्यात एफटीआयआयच्या, म्हणजे फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात नायट्रेटच्या साठ्याला आग लागली आणि शेकडो सिनेमांची रिळं गेली. बऱ्याच सिनेमांच्या कॉपी आधीच सहज पेट न घेणाऱ्या सेफ्टी फिल्मवर उतरवल्या होत्या म्हणून ते आज बघायला तरी मिळतात, पण मग ‘ओरिजिनल निगेटिव्ह’ हा शब्द त्या सिनेमांना लागूच होत नाही. १९३१ चा ‘आलम आरा’ तर कुठंच शिल्लक नाही. आणि ‘राजा हरिश्चंद्र’ म्हणून जी रिळं आपण बघतो ती १९१३ ची नसून फाळक्यांनी १९१७ साली परत केलेल्या सिनेमाची आहेत असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. फाळक्यांचं जवळजवळ पूर्ण काय बघायचं असेल तर १९१९ चा ‘कालिया मर्दन’, त्यात त्यांची लेक मंदाकिनी बाळकृष्ण झालीय, आणि काय झालीय ती!

ही माहिती मिळते कुठं? चांगल्या रिलीजमध्ये सिनेमा सुरू व्हायच्या आधी पाट्या येतात, ‘अमुक संग्रहालयातल्या अमुक निगेटिव्हवरनं स्कॅन केलं, अमुक भाग तमुक प्रिंटमधनं घेतला’. त्या पाट्या पळवू नका, मोबाईलवर फोटो काढून ठेवा. बुकलेट असेल तर त्याचं शेवटचं पान बघा. सत्यजित रायांच्या अपू त्रयीचं उदाहरण घ्या. १९९३ ला लंडनच्या लॅबमध्ये आग लागून निगेटिव्ह जळाल्या, मग ते करपलेले तुकडे कितीतरी वर्षांनी इटलीतल्या बोलोन्याच्या लॅबमध्ये पुन्हा ओले करून सरळ करून ४के स्कॅन केले आणि २०१५ ला नवीन रिस्टोरेशन आलं. त्यांनी सरळ सांगून टाकलंय की ‘पथेर पांचाली’चा सुमारे ४० टक्के आणि ‘अपराजितो’चा ६० टक्क्यांहून जास्त भाग मूळ निगेटिव्हवरनं आहे, आणि ‘अपूर संसार’ पूर्ण मास्टर पॉझिटिव्ह आणि ड्यूपवरनं. असं सांगणारा माणूस विश्वासाचा. आणि जिथं नुसतं ‘रिस्टोअर्ड’ आणि पुढं काहीच नाही, तिथं मी धरूनच चालतो की जुन्या टीव्हीच्या टेपवरनं काढलंय.

लांबी मोजा, कॅल्क्युलेटर घेऊन बसा

हे काम कंटाळवाणं वाटतं पण निम्मे निकाल इथंच लागतात.

थिएटरच्या ३५ एमएम फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम, म्हणजे सुटी चित्रं असतात. बोलपट २४ फ्रेम सेकंदाला चालतो, म्हणजे मिनिटाला ९० फूट, मीटरमध्ये २७.४. आता आपल्या सिनेमांची एक सोय आहे जी बाहेरच्या सिनेमांना नाही, ती म्हणजे सुरुवातीचं सेन्सॉर सर्टिफिकेट. त्यावर लांबी आणि रिळं लिहिलेली असतात. समजा ३६०० मीटर लिहिलंय, तर भागिले २७.४, म्हणजे १३१ मिनिटं. तुमच्या हातातली कॉपी ११० मिनिटांची निघाली तर २१ मिनिटं कुठंतरी गेली. जुनी सर्टिफिकेट फुटात असतात, तेव्हा ९० नं भागायचं. मात्र सर्टिफिकेटची तारीख बघा, पुष्कळदा ते नंतरच्या री-रिलीजचं असतं आणि तेव्हाच सिनेमा छोटा केलेला असतो. सर्टिफिकेटवर त्रिकोणाची खूण असेल तर सेन्सॉरनं काहीतरी कापायला लावलंय.

पण थांबा, लगेच ‘कापला’ म्हणून ओरडायचं नाही. डीव्हीडीमध्ये दोन सिस्टिम, पाल आणि एनटीएससी. पालमध्ये २४ फ्रेमचा सिनेमा २५ नं पळवतात, त्यामुळं १०० मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत संपतो आणि एक फ्रेमसुद्धा कापलेली नसते. म्हणून पाल डिस्कची वेळ आधी २५ नं गुणून २४ नं भागायची आणि मग तुलना करायची.

मूकपटाचं गणित अजून वेगळं. तेव्हा कॅमेरा हातानं फिरवायचे, स्पीड एक नव्हता, सोळापासून चोवीसपर्यंत काहीही. ‘राजा हरिश्चंद्र’ची मूळ लांबी ३७०० फूट सांगतात, म्हणजे ५९,२०० फ्रेम. १६ च्या स्पीडला तो ६२ मिनिटं चालेल, १८ ला ५५ मिनिटं आणि २४ ला पळवला तर ४१ मिनिटांत संपेल. सिनेमा तोच, वेळ तीन. मूकपटातली माणसं टुणटुण उड्या मारत चालतात असं जे आपल्या डोक्यात बसलंय ते या २४ नं पळवण्यामुळं, मूळ प्रेक्षकांनी तसं बघितलेलं नव्हतं. चांगल्या रिलीजवर किती स्पीडनं केलंय ते लिहितात. १९२८ च्या ‘पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’च्या ब्लू-रेवर तर २० आणि २४ दोन्ही स्पीड दिलेत, बघणाऱ्यानं ठरवावं. स्पीड स्वतः तपासायचा असेल तर चालणारा माणूस, ओतलं जाणारं पाणी आणि खाली पडणारी वस्तू बघा. पाणी खोटं बोलत नाही.

आणि एकाच नावाचे दोन सिनेमे असू शकतात. चॅप्लिनचा ‘गोल्ड रश’ १९२५ चा मूकपट, दीड तासाच्या आसपास. १९४२ ला त्यानंच पाट्या काढून स्वतःच्या आवाजात निवेदन आणि संगीत घालून ७२ मिनिटांचा केला. दुकानदार दोन्ही ‘गोल्ड रश’ म्हणूनच देणार. आपल्याकडं प्रभातचे सिनेमे मराठीत आणि हिंदीत वेगवेगळे शूट व्हायचे, ‘कुंकू’ आणि ‘दुनिया ना माने’, ‘माणूस’ आणि ‘आदमी’, ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’. एकाची डिस्क चांगली म्हणून दुसऱ्याची असेलच असं नाही, रिळं वेगळी, नशीब वेगळं. आपल्या सोलापूरच्या डॉक्टर कोटणिसांवरचा शांतारामबापूंचा १९४६ चा सिनेमा पण हिंदीत आणि इंग्लिशमध्ये दोन्हीकडं आहे, तुलना करताना हिंदी हिंदीशीच लावायचा.

सामान आणि सेटिंग

लॅपटॉप, यूएसबीचा डीव्हीडी ड्राइव्ह, व्हीएलसी प्लेअर आणि एक बऱ्यापैकी हेडफोन, एवढ्यावर डीव्हीडी-व्हीसीडीचं काम भागतंय. ब्लू-रेला वेगळा ड्राइव्ह किंवा प्लेअर लागतो आणि तो महाग पडतो, दोघा-तिघांनी मिळून घेतला तर परवडतो.

टीव्हीवर बघणार असाल तर आधी टीव्ही सुधारा. मोशन स्मूदिंग बंद, नॉईज रिडक्शन बंद, शार्पनेस शून्यावर किंवा शून्याजवळ, पिक्चर मोड सिनेमा किंवा फिल्ममेकर, आणि स्क्रीन साइज अशी निवडा की कडा कापल्या जाणार नाहीत. शोरूममधनं आलेला टीव्ही तसाच ठेवला तर सगळ्या कॉपी सारख्याच वाईट दिसतात. आणि खोलीत अंधार करा, आपल्याकडं मे महिन्यात भर दुपारी पडदे ओढले तरी उजेड आत येतोच, त्यामुळं हे काम रात्रीच.

तेच चित्र, तीच फ्रेम

आता डोळ्यांचं काम. नियम एकच, दोन्ही कॉपीतली अगदी तीच फ्रेम लावायची. दोन सेकंद पुढं-मागं झालं तर कॅमेऱ्याचा फोकस बदललेला असतो आणि आपण डिस्कला दोष देत बसतो.

करायचं असं. कुठलाही शॉट बदलतो ती जागा पकडा, पहिली नवी फ्रेम दिसली की व्हीएलसीत कीबोर्डवरचं ई दाबत एकेक फ्रेम पुढं जा, समजा दहा फ्रेम, आणि मग विंडोजवर शिफ्ट आणि एस दाबलं की चित्र सेव्ह होतं. दुसऱ्या कॉपीत पण तोच कट, तितकंच पुढं, आणि मग हातापायाची पोझिशन बघून एखादी फ्रेम इकडं-तिकडं. पळवलेल्या मूकपटात आकडा जुळणार नाही, तिथं फक्त पोझिशनवर जा. सेव्ह पीएनजीमध्येच करा. आणि ही चित्रं व्हॉट्सअपवर फोटो म्हणून पाठवून त्यावर चर्चा करू नका, व्हॉट्सअप दाबून टाकतंय, पाठवायचीच असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६ किंवा ७२० बाय ४८० असतं आणि त्याचे ठिपके चौकोनी नसतात, त्यामुळं ४:३ सिनेमाचं चित्र आधी ७६८ बाय ५७६ किंवा ६४० बाय ४८० करून घ्या, नाहीतर माणसं जाड-बारीक दिसतील आणि तुम्ही उगाच संशय घ्याल. मग दोन्ही चित्रं एकाच आकाराची करून फोटो व्ह्यूअरमध्ये एकावर एक पुढं-मागं करा. शेजारी शेजारी ठेवण्यापेक्षा हे लाखपट बरं, फरक लगेच उडी मारून दिसतो.

कुठल्या फ्रेम घ्यायच्या? मी घेतो त्या सांगतो. एक, नावांच्या पाट्या, कारण अक्षरं कडेला कापली गेली असतील तर पूर्ण सिनेमाच कडेनं कापलाय. एक मोठा क्लोजअप, शक्यतो म्हाताऱ्या माणसाचा. एक आकाश किंवा मोकळी भिंत. एक पांढरे कपडे उन्हात, एक काळोखातला प्रसंग. एक खांब, जिने, देवळाची कमान असलेली फ्रेम, आणि एक जिथं एक चित्र विरघळत दुसरं येतंय अशी.

क्लोजअपमध्ये काय बघायचं ते नीट सांगतो, कारण सगळ्यात जास्त फसवणूक तिथं होते. फिल्मला ग्रेन असतो, बारीक हलणारे कण. ती घाण नाही. सोलापुरी चादर हातात घेतली की वीण बोटाला लागते ना, तसा ग्रेन, त्याच्यातनंच चित्र विणलेलं असतं. आता काही कंपन्या सॉफ्टवेअर लावून ग्रेन पुसतात कारण गिऱ्हाईकाला गुळगुळीत आवडतं, आणि मग सुरकुत्या, दाढीचे खुंट, लुगड्याचा पोत सगळंच त्याच्याबरोबर जातंय आणि चेहरे मेणाचे होतात. हलत्या चित्रात तपासा, माणूस थांबला की चेहरा स्पष्ट आणि हलला की चिकट, असं झालं की समजायचं ग्रेन पुसलाय. त्यावर परत कडा धारदार करतात, मग काळ्या फेट्याभोवती पांढरी रेघ दिसते. खांब आणि कमानीच्या फ्रेम त्यासाठीच आहेत. मला विचाराल तर रेघा-डाग असलेली पण पोत शिल्लक असलेली कॉपी मी स्वच्छ मेणाच्या कॉपीपेक्षा कधीही घेईन. डाग डोळा विसरतो, गेलेला चेहरा परत येत नाही.

विरघळणाऱ्या फ्रेममध्ये आणि जोरात हलणाऱ्या हातात आडव्या दातेरी रेघा दिसल्या तर चित्र इंटरलेस आहे, म्हणजे एकाआड एक ओळींचे दोन भाग करून साठवलेलं. व्हीएलसीत डी दाबून बघा, गेल्या तर ठीक. पण एका फ्रेममध्ये दोन हात पुसट दिसत असतील तर ते पाल-एनटीएससीची अदलाबदल करताना कायमचं मुरलेलं आहे, ते निघत नाही, ती कॉपी खाली टाका.

चौकटीचा आकार पण बघा. मूकपट उंचीच्या १.३३ पट रुंद असतात. अगदी सुरुवातीच्या ज्या बोलपटांत फिल्मच्या कडेलाच आवाजाची पट्टी घातली त्यांतले बरेच १.१९ पट, म्हणजे जवळजवळ चौकोनी, आणि १९३२ पासून हळूहळू १.३७ पट स्थिरावलं. त्यामुळं या काळातला सिनेमा तुमच्या टीव्हीच्या पूर्ण रुंदीला भरत असेल तर एकतर तो ताणलाय किंवा वरखाली कापलाय. बाजूच्या काळ्या पट्ट्या हा दोष नाही, उलट बरोबर असल्याची खूण आहे. फरक मात्र नेहमीच कंपनीचा नसतो. मूकपटाच्या काळात युरोप-अमेरिकेत बऱ्याचदा दोन कॅमेरे शेजारी लावून एक निगेटिव्ह देशासाठी आणि एक परदेशासाठी करायचे, त्यामुळं दोन रिस्टोरेशनमध्ये माणूस थोडा डावी-उजवीकडं सरकलेला, कधी वेगळा टेकसुद्धा दिसतो. आणि ‘मेट्रोपोलिस’ १९२७ च्या सध्याच्या आवृत्तीत २००८ ला ब्यूनस आयर्सला सापडलेल्या १६ एमएम ड्यूपमधले भाग घातलेत, तिथं अचानक चित्र रेघांनी भरतं आणि चौकटीच्या कडेचा भाग काळा राहतो. तो डिस्कचा दोष नाही, तो प्रामाणिकपणा आहे, जेवढं मिळालं तेवढं दाखवलंय.

मूकपटात पूर्ण चित्र निळं किंवा केशरी दिसलं तर घाबरू नका, रात्र निळी, दिवा केशरी, आग लाल अशी रिळं रंगवायची पद्धतच होती. हातानं रंगवलेली पण असायची, १९०२ च्या ‘ट्रिप टू द मून’ची रंगीत प्रिंट १९९३ ला बार्सिलोनात सापडली आणि २०११ ला रिस्टोअर होऊन आली. पण १९४० च्या मराठी बोलपटाच्या डीव्हीडीवर हिरवट-जांभळी झाक दिसली तर ती टेपची खराबी, तिला कला समजू नका.

आवाज, आपल्या सिनेमांसाठी हा अर्धा निकाल

‘संत तुकाराम’ १९३६ चा, दामले-फत्तेलाल दिग्दर्शक, पागनीस तुकाराम, केशवराव भोळ्यांचं संगीत. या सिनेमाची चांगली कॉपी म्हणजे ज्यात पागनीसांचा आवाज चांगला, असं माझं सरळ मत आहे. ‘आधी बीज एकले’ हे शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं पद हेडफोन लावून दोन्ही कॉपीत ऐका. मागं हलकी खरखर आहे का? असू द्या. ती पूर्ण गायब आहे आणि आवाज डब्यातनं आल्यासारखा, टाळांचा शेवट तोडल्यासारखा वाटतोय का? मग खरखरीबरोबर वरचे सूर पण पुसलेत. स, श, च हे उच्चार ऐका, ते बोबडे झाले की आवाज जास्त घासलाय हे पक्कं. जिथं कुणी बोलत नाही ती जागा पण ऐका, आवाज तिथं एकदम शून्य होत असेल तर ते पण सॉफ्टवेअरचं काम.

आणि एक तपासणी आपल्याला सोपी आहे कारण पेटी बऱ्याच घरात असते, नाहीतर मोबाईलवर ट्यूनर घ्या. दोन्ही कॉपीत त्याच गाण्याचा सा शोधा. पाल डिस्कवर सिनेमा २५ नं पळतो तेव्हा सूर पण वर जातो, जवळपास पाऊण सेमीटोन, म्हणजे पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांतल्या अंतराच्या पाऊणपट. एका कॉपीत सा पांढरी एकला लागतोय आणि दुसरीत काळी एकच्या जवळ जातोय तर दुसरी पळवलेली आहे असं धरा, आणि मग वेळेचं गणित परत ताडून बघा, दोन्ही जुळलं की शंका संपली.

मूकपटाला संगीत कुठलं लावलंय ते लिहून ठेवा. ‘बॅटलशिप पोटेमकिन’च्या २००५ च्या रिस्टोरेशनला एडमंड मायझेलचं १९२६ चं संगीत आहे आणि जहाजावरचा झेंडा पण लाल रंगवलेला परत आलाय, त्याच सिनेमाच्या स्वस्त डिस्कवर कुठलंही ऑर्केस्ट्रा चिकटवलेलं सापडतं.

काय गायब आहे

वेळ जुळली नाही तर प्रसंगांची यादी करा. वहीत दोन रकाने, डावीकडं एक कॉपी, उजवीकडं दुसरी, दर प्रसंगाची सुरुवात मिनिटात. सगळा सिनेमा बघायची गरज नाही, चॅप्टर पळवत जा, फरक जिथं एकदम वाढतो तिथं थांबा. व्हीसीडीच्या एका सीडीत सव्वा तासाच्या आसपासच मावतं, त्यामुळं अडीच तासाचा सिनेमा दोन सीडीत कोंबायला गाणी किंवा कडवी कापायचे. रिळाच्या शेवटी पण नुकसान असतं, दर दहा-अकरा मिनिटांनी उजव्या वरच्या कोपऱ्यात गोल ठिपका दिसतो, त्याच्या आसपास वाक्य अर्धं तुटलेलं असेल तर प्रिंट झिजलेली होती.

म्हणूनच चांगली डिस्क मिळाली की जुनी व्हीसीडी टाकून देऊ नका. एखादं कडवं फक्त तिच्यातच असू शकतं. मंगळवार बाजारात जुन्या सामानात सीड्या दिसल्या की मी त्यासाठीच चाळतो.

रंगीत केलेले आणि एआयवाले

आमच्याकडं पूर्व भागातल्या घराघरात ‘मायाबजार’ लाडका आहे. १९५७ चा कृष्णधवल, २०१० ला रंगीत करून परत आणला, आणि तेव्हा चित्र सिनेमास्कोपला रुंद केलं, आवाज पण डीटीएस या थिएटरच्या डिजिटल पद्धतीत नवा केला. पडद्यावर मजा आली असेल, कुणाची मजा मोडायची नाही, पण चौकोनी चित्र रुंद करायचं म्हणजे वरखाली कापणं आलंच, आणि मार्कस बार्टलींची मूळ फोटोग्राफी बघायची असेल तर कृष्णधवल कॉपीच घ्यायची. ‘मुघल-ए-आझम’चं २००४ ला तेच झालं. १९५१ च्या ‘पाताळ भैरवी’चं आणि १९५३ च्या आपल्या ‘श्यामची आई’चं एनएफडीसी-एनएफएआय या सरकारी संस्थांनी केलेलं रिस्टोरेशन २०२३ च्या इफ्फी महोत्सवात दाखवलं, ही दोन्ही कुठं दाखवणार असतील तर सोडू नका.

यूट्यूबवरचं ‘४के ६० एफपीएस कलर’ (एफपीएस म्हणजे सेकंदाला फ्रेम) मात्र तुलनेत घ्यायचंच नाही. त्यात मधल्या फ्रेम मशीननं बनवलेल्या असतात आणि चेहऱ्याचे बारकावे अंदाजानं भरलेले असतात, म्हणजे दुर्गाबाई खोट्यांचे डोळे म्हणून तुम्ही बघताय ते त्यांचे नाहीतच.

मागवण्याआधी

रिजन बघा, म्हणजे डिस्क जगातल्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालते ते. ब्लू-रेत अमेरिका ए, युरोप बी, भारत सी. क्रायटेरियन कंपनीच्या अमेरिकन ब्लू-रे ‘ए’च्याच प्लेअरवर चालतात आणि मास्टर्स ऑफ सिनेमा या ब्रिटिश मालिकेच्या ‘बी’च्याच, आपल्या साध्या प्लेअरवर दोन्ही अडतात. ४के यूएचडी डिस्कला रिजन नसतो. डीव्हीडीत आपण रिजन ५, पण भारतीय कंपन्यांच्या डिस्क बऱ्याचदा कुठंही चालतात. परदेशातनं मागवलं तर पोस्टेज आणि कस्टम धरून किंमत काढा, म्हणून चार-पाच जणांनी एकत्र मागवणं बरं.

निवडताना माझा क्रम असा: सिनेमा पूर्ण आहे का, मग रीळ कुठलं, मग स्पीड आणि चौकट, मग आवाज, आणि सगळ्यात शेवटी स्वच्छपणा. मराठी बोलपटाला मी आवाज दुसऱ्या नंबरला आणतो. सबटायटल चित्रात जाळलेली असतील किंवा कोपऱ्यात कंपनीचा लोगो पूर्ण वेळ बसलेला असेल तर ती कॉपी दुसरा काही इलाजच नसेल तरच.

डिस्क हातात आली की परत करायची मुदत संपायच्या आत पूर्ण चालवा, नुसती सुरुवात बघून कपाटात ठेवू नका. एका थराची डिस्क आतनं बाहेर वाचली जाते त्यामुळं कडेची खराबी बहुतेक शेवटच्या अर्ध्या तासात निघते. डबल लेयर, म्हणजे दोन थरांची डीव्हीडी मधे एकदा क्षणभर थबकते, ते चालतं, पण चौकोन फुटले किंवा आवाज तुटला तर बदलून घ्या. मागची बाजू उजेडात धरा, कडेनं तांबूस-तपकिरी झाक किंवा सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली तर थर सडायला लागलाय, तिची कॉपी त्याच दिवशी हार्ड डिस्कवर काढा. आणि ठेवताना उभी ठेवा, पत्र्याच्या खोलीत किंवा माळ्यावर नको, आपल्या उन्हाळ्यात तिथलं तापमान डिस्कला सोसत नाही, खालच्या कपाटात, भिंतीच्या आतल्या बाजूला, आणि कव्हरच्या आत एक चिठ्ठी घालून ठेवा: कुठल्या रिळावरनं, किती मिनिटं, कुठला स्पीड, काय गायब.